रफार कुठे गेला?



मागच्या महिन्यात एका गृहप्रवेशाला गेले होते. दिवाणखान्यात सोनेरी अक्षरांची मोठी फ्रेम. यजमानीण कौतुकाने म्हणाली, "काकू, कॅलिग्राफी आहे, खास करून घेतली." मी चष्मा लावून पाहिलं. लिहायचं होतं 'अर्हम्', पण रफार वेलबुट्टीत विरून गेलेला आणि भिंतीवर उरलं होतं 'अहम्'! म्हणजे येता-जाता हात जोडायचे ते 'मी'लाच. सगळे पाहुणे फ्रेमसमोर फोटो काढून गेले, कोणी बोललं नाही. मीही बोलले नाही, जेवून आले. म्हणून आज इथे लिहिते.

सुलेखन ही साधना आहे, असं हल्ली सगळ्या म्हणतात. मला मान्य आहे. पण ती लिहिणाऱ्याची साधना. आपण फक्त बिल भरतो. मी बी.कॉम. झालेली बाई, बिल आणि पुण्य एका खात्यात जमा करत नाही.

आपल्याकडे अक्षर शोभेसाठी आलेलंच नाही. स्मरणशक्ती कमी होत चालली, श्रुत विसरलं जाईल, या काळजीने धरसेन आचार्यांनी पुष्पदंत-भूतबलींना शिकवलं आणि षट्खंडागम लिहिला गेला. श्रुतपंचमी त्याचीच. मूडबिद्रीची ताडपत्रं टिकली म्हणून तो आज आपल्या हातात आहे. आणि अत्तिमब्बे आठवते ना? दहाव्या शतकातल्या या बाईने पोन्नाच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून वाटल्या. तिनेही पैसेच मोजले म्हणाल, तर हो, पण वाचणाऱ्यांसाठी मोजले.

जुने लेखनिक चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावून ते दुरुस्त करत. 'हरताळ फासणे' तिथूनच आलं. एका मात्रेसाठी एवढी काळजी! आणि आपण लग्नपत्रिकेवर मंत्र छापतो, आठवड्याने ती रद्दीत. हा जिनवाणीचा अविनय नाही तर काय?

"अहो, ती कला आहे, वाचता आलंच पाहिजे असं नाही," असं एकीने मला ऐकवलं. असेल. वेलांटी हवी तेवढी लांबवा, शिरोरेषा मोडा, मला आवडतं तेही. पण संस्कृतात एक रफार गेला की अर्थ जातो, आणि अर्थ गेल्यावर अध्यात्म कशात शोधायचं?

दुसरी म्हणते, माझं अक्षर वाईट. माझं तर खतावणीसारखं आहे. तरी मागच्या चातुर्मासात रोज एक श्लोक, असं अठ्ठेचाळीस दिवसांत भक्तामर वहीत उतरवलं. पहिल्याच दिवशी अडले. चाळीस वर्षं मी 'भक्तांबर' म्हणत होते. लिहिताना संधी सोडवली तेव्हा दिसलं, भक्त आणि अमर. भक्तीने वाकलेले देव! तोंडाने हजारदा म्हणून जे कळलं नव्हतं, ते हाताने एकदा लिहिल्यावर कळलं. सोपी समासाची गोष्ट, पण त्या दिवशी पोळ्या करपल्या.

श्रुतपंचमीला ग्रंथांची वेष्टनं बदलायला आपण जमतोच. यंदा वही आणि पेनही आणा. मी बोरू आणि शाई आणते. फ्रेमवाली यजमानीण हे वाचत असेल तर तिने रागावू नये, एकदा चहाला बोलवावं. सोनेरी रंग घेऊन येईन, रफार काढायला दोन मिनिटं लागतील.