भुलाबाईचा चेहरा

चेहरा ओळखीचा असला की कुठलंही गाणं खपतं, असा एक सिद्धांत हल्ली आमच्या नागपुरातही मुक्कामाला आला आहे. यूट्यूबवर भुलाबाईची गाणी चढवताना आमच्या पुतण्यानं त्यावर चक्क एका हिंदी सिनेनटीचा फोटो डकवला. विचारलं, तर म्हणतो, "काका, साध्या बायांचा फोटो कोणी पाह्यत नाही ना!"

अहो, पण भुलाबाईला स्वतःचा चेहरा आहे की! चितार ओळीत मातीचे भुलोजी-भुलाबाई रंगवून मिळतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर फिरायचं, सासरच्यांची गाण्यातून यथेच्छ उणीदुणी काढायची आणि वर त्यांच्याच घरचा खाऊ ओळखून खायचा! या भानगडीत नटी कुठं बसते?

झाडीपट्टीच्या नाटकांच्या पोस्टरांवरही मुंबईचे नट झळकतात, कबूल. पण तो नट निदान वडशाकडच्या मंडपात थंडीत रात्र जागवायला हजर तरी असतो. इथं घसे बसवले आमच्या गल्लीतल्या पाच बायांनी, आणि "काय गोड गायली हो!" ही दाद मात्र नटीला. छापा ना त्या पाचजणींचा फोटो. हवं तर पावडर लावून.