लाल रंग मिरचीचा की डबीतला?

मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते. एकमुखी दत्ताचे दर्शन, घोडेबाजारात फेरी आणि मग खाणेपिणे, हा क्रम जुनाच. हल्ली मात्र यात्राजत्रांत भजी-जिलेबीच्या शेजारी निखाऱ्यावर भाजलेले तंदुरी मोमो, चायनीज पद्धतीचे पनीर, सळईवरचे चिकन असे प्रकारही मिळू लागले आहेत. ताटली हातात आली की आधी मोबाईलवर फोटो, मग घास!

फोटो काढण्याला आमचा आक्षेप नाही. फार तर घास निवतो. आक्षेप आहे तो फोटोसाठी पदार्थ निवडण्याला. फोटोत उठून दिसतो भडक लाल रंग. गिऱ्हाईक तिकडे वळते, हे विक्रेत्याला लगेच कळते आणि मसाल्यात डबीतला रंग पडतो. ही नुसती शंका नव्हे. मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि ‘बुढ्ढी के बाल’ यांत कृत्रिम रंग वापरण्यास बंदी केली. तपासलेल्या नमुन्यांत रोडामाइन-बी हा चक्क कापड रंगवण्याचा रंगही निघाला होता. त्याच वर्षी जूनमध्ये कबाबांतील कृत्रिम रंगांवरही तेथे बंदी आली.

आणि आपला जिल्हा कोणता? ज्याच्या पथाऱ्यांवर वाळणारी लाल मिरची देशभर जाते तो नंदुरबार! येथे लालपणा डबीतून यावा, याला काय म्हणावे?

मिरचीचा रंग तेलात उतरतो आणि निखाऱ्यावर तपकिरी पडतो. भाजूनही तुकडा चोहोबाजूंनी एकसारखा लालभडक राहिला, बोटे रंगली आणि धुतल्यावरही रंग गेला नाही, तर ती ताटली बाजूला ठेवावी.

दुसरी गोष्ट करपण्याची. फोटोत काळे चट्टे खमंग दिसतात. पण मांस तीव्र आचेवर करपले, चरबी निखाऱ्यावर ठिबकून तिचा धूर मांसाला लागला, की कर्करोगाचा धोका वाढवू शकणारी द्रव्ये तयार होतात. इंडोनेशियातले ‘साते’ म्हणजे हळद, धणे, लसूण लावून मुरवलेल्या मांसाचे लहान तुकडे सळईवर भाजून शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाणे. त्यातला एकही जिन्नस आपल्याला परका नाही. मसाल्यात मुरवलेल्या मांसात ही घातक द्रव्ये कमी तयार होतात, असे प्रयोगांतही दिसले आहे. तुकडे लहान असल्याने ते आतपर्यंत लवकर शिजतात. सळई मात्र वरचेवर फिरवावी आणि काळा झालेला भाग काढून टाकावा.

आपल्या खानदेशी भरिताचे शहाणपण नेमके हेच. कापसाच्या काड्यांवर वांगे पार काळे होईस्तोवर भाजतात, पण ती करपलेली साल कोणी खात नाही. भरिताचा फोटो बेतास बातच येतो, हे मान्य!

यात्रेत फोटो अवश्य काढा, पण आधी गाडीवर नीट पाहा. कच्चे मांस दोन तासांहून अधिक वेळ उघड्यावर पडले आहे का? कच्च्याला लावलेलाच चिमटा भाजलेल्याला लागतो आहे का? शेगडी पेटवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या तर जाळत नाहीत ना? मग विक्रेत्याला स्पष्ट सांगा, ‘भाऊ, रंग न टाकलेलं असेल तरच द्या.’ रोज दहा गिऱ्हाइकांनी असे विचारले, तर तो डबी आणणेच बंद करील. तपासणीला अधिकारी येईपर्यंत यात्रा उठलेली असते.