तळघरातील मूल आणि आपण

परदेशात वाढणारी आपली मुले विज्ञानकथा आवडीने वाचतात आणि आपण पालक तिकडे करमणूक म्हणून पाहतो. आम्हीही तसेच पाहत होतो. परंतु शाळेत ‘ओमेलास’ची कथा वाचून आलेल्या आमच्या मुलीने एके दिवशी जेवताना विचारले, “त्या तळघरातले मूल म्हणजे आपणच का?” त्या प्रश्नाने आम्हांस ती कथा वाचावयास लावली.

उर्सुला ले ग्विन यांची ही कथा 1973 साली प्रसिद्ध झाली व 1974 मध्ये तिला विज्ञानसाहित्याचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. ओमेलास हे सुखी नगर. तेथे राजा नाही, गुलाम नाही. मात्र त्या सुखासाठी एक मूल अंधाऱ्या तळघरात, घाणीत, अर्धपोटी कोंडलेले असते. त्याच्याशी मायेचा एक शब्दही बोलावयाचा नाही, ही सुखाची अट. नगरातील मुले जाणत्या वयात त्याला पाहतात, रडतात, संतापतात. मग स्वतःची समजूत घालतात की, असे वाढलेल्या जिवाला मुक्त केले तरी सुख काय कळणार? थोडे लोक मात्र नगर सोडून एकेकटे निघून जातात.

ही समजूत आपल्या परिचयाची आहे. “त्यांना त्याची सवयच आहे” हे ज्यांच्या आजोबांनी गावकुसाबाहेर ऐकले, त्यांना निराळे भाष्य नको. तथापि “ही जातीचीच कथा” असा निकाल घाईने देणे आम्हांस मान्य नाही. डेरिक बेल यांच्या 1992 च्या ‘द स्पेस ट्रेडर्स’मध्ये परग्रहवासी सोने व ऊर्जा देऊ करतात आणि मोबदल्यात अमेरिकेतील सर्व कृष्णवर्णीय मागतात, देश सार्वमताने होकार देतो. तेथे रूपक उघडच आहे. याउलट ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 1984 च्या ‘ब्लडचाइल्ड’ला अनेकांनी गुलामगिरीची कथा म्हटले, पण तो अर्थ बटलर यांनी स्वतः नाकारला. लेखकाचा शब्द अखेरचा नसतो, हे खरे. परंतु आपल्या वेदनेचा शब्दही अखेरचा नसतो. अर्थ कथेतील तपशिलांवर टिकला पाहिजे.

ही कसोटी आपल्याला नवी नाही. वृद्ध, रोगी व मृत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तपासली. 29 वर्षांच्या माणसाने हे आधी पाहिलेच नव्हते काय, असा त्यांचा साधा प्रश्न होता. श्रद्धेच्या ग्रंथाला जो प्रश्न विचारता येतो, तो आपल्या आवडत्या अर्थालाही विचारता आला पाहिजे.

तो विचारला की कथा आपल्याकडे वळते. आपले पूर्वज तळघरात होते. आपण आज उबदार घरांत आहोत. मैला साफ करण्यास माणसे लावण्यावर भारतात 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मरतात. ती बातमी वाचून आपण हळहळतो आणि कामाला लागतो. ओमेलासचे नागरिक याहून निराळे काय करतात?

नगर सोडणाऱ्यांचा अनेक वाचक गौरव करतात. पण त्यांच्या जाण्याने मूल सुटत नाही. एन. के. जेमिसिन यांनी 2018 साली या कथेला उत्तर म्हणून दुसरी कथा लिहिली. तिच्या शीर्षकातच राहून लढणारे आहेत. बाबासाहेबांनीही 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात जुने घर सोडले, पण एकट्याने नव्हे. लाखो माणसे बरोबर घेऊन.

आम्ही मुलीला एवढेच सांगितले, “होय, ते मूल आपण होतो. आता आपण कोण आहोत, हे कथा आपल्यालाच विचारते आहे.” आपल्या घरीही मुलांबरोबर अशा कथा वाचाव्यात आणि उत्तर देण्याची घाई करू नये, एवढीच आमची विनंती.