वेगदेवतेस अर्पण

न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकारगिल नावाचे शहर आहे. तेथील एका साध्या गॅरेजात एक फळी होती. फुटलेले, वितळलेले, वाकलेले पिस्टन आणि इंजिनाचे इतर निकामी भाग तिच्यावर मांडून ठेवलेले असत आणि त्यांच्याजवळ लिहिलेले होते, ‘वेगदेवतेस अर्पण’. या गॅरेजाचे धनी बर्ट मन्रो यांना विनोदाचे अंग होते. परंतु त्या फळीवरील वस्तू पाहता हे लिहिणे नुसती थट्टा म्हणता येत नाही. एका माणसाच्या आयुष्यभराच्या खर्चाची ती नोंदवहीच होती.

मन्रो यांचा जन्म 1899 चा, शेतकरी कुटुंबातला. हे मूल दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते म्हणतात. मूल जगले आणि घोड्यावर बसण्याएवढे होताच घरातील सर्वांत चपळ घोडा शेतातून भरधाव दामटू लागले. वडिलांची बोलणी खाऊनही ती सवय सुटली नाही. पुढे घोड्याची जागा मोटारसायकलीने घेतली. 1920 साली त्यांनी एक नवी गाडी विकत घेतली आणि ती अखेरपर्यंत सोडली नाही. गाडीचे नाव ‘इंडियन स्काउट’. या नावाचा आपल्या देशाशी संबंध नाही. अमेरिकेतील एका कंपनीने तेथील आदिवासींवरून ते घेतले होते. इंजिन 600 सीसीचे आणि कमाल वेग ताशी सुमारे 89 किलोमीटर. त्या काळच्या मानाने गाडी चांगली होती. मालकाला मात्र तेवढ्याने समाधान नव्हते.

1926 पासून त्यांनी गाडीत फेरफार सुरू केले. दिवसा ते मोटारसायकली विकण्याची नोकरी करीत आणि रात्र गॅरेजात जाई. नवे सुटे भाग मागवण्याएवढा पैसा नव्हता. आणि जो भाग हवा होता तो कोणत्याच दुकानात मिळणारा नव्हता. म्हणून जुन्या डब्यांचा साचा करून त्यांत वितळलेला धातू ओतायचा आणि पिस्टन घडवायचा. सिलिंडर, फ्लायव्हील हेही घरचेच. अचूक मोजमापासाठी कारखान्यात मायक्रोमीटर लागतो. यांचा मायक्रोमीटर म्हणजे चाकाची एक जुनी तार. असा घडवलेला पिस्टन गाडीत बसवायचा, इन्व्हरकारगिलजवळच्या ओरेटी किनाऱ्याच्या घट्ट वाळूवर गाडी पळवायची, इंजिन फुटले की परत यायचे आणि मोडका भाग फळीवर ठेवून पुन्हा डबा शोधायचा. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. होताहोता इंजिन 950 सीसीपर्यंत वाढले. वेगाचे वेड म्हटले की उतावळेपणा डोळ्यांसमोर येतो. येथे तर काही मिनिटांच्या धावेसाठी महिनोन्‌महिने कानस चालवणारा माणूस दिसतो. आज तयार वेग हप्त्याने विकत मिळतो, तेव्हा हा फरक तरुणांना सांगण्यासारखा आहे.

या हिशेबाची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. मन्रो यांना पत्नी होती, चार मुले होती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस घटस्फोट झाला, त्यांनी नोकरीही सोडली आणि ते गॅरेजातच राहू लागले. त्यांच्यावरच्या कौतुकपर लिखाणात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. घर सांभाळणाऱ्या माणसाला ती ओळ एवढ्या सहज ओलांडता येत नाही. फळीवर जे मांडले नव्हते, तेही अर्पणच होते.

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान आहे. जमिनीवरील वेगाचे विक्रम करू पाहणारे तेथे जमतात. साठीच्या उंबरठ्यावर मन्रो यांनी तेथे प्रथम पाऊल टाकले ते केवळ पाहण्यासाठी. मग गाडीला वाऱ्याला कापणारे निमुळते कवच चढवले आणि 1962 साली 883 सीसीच्या वर्गात ताशी सुमारे 288 किलोमीटरचा विक्रम केला.

1967 च्या वारीत प्राणावरच बेतले होते. त्यांनी स्वतः पुढे सांगितल्याप्रमाणे, धाव अर्ध्यावर आली असता गाडी डगमगू लागली. वेग कमी व्हावा म्हणून ते कवचाबाहेर अंग काढून ताठ बसले, तोच वाऱ्याने डोळ्यांवरचा गॉगल ओढून नेला. काही दिसेना. मार्गावरची खुणेची पोलादी खुंटी काही इंचांनी चुकली. अखेर त्यांनी गाडी जाणूनबुजून आडवी पाडली आणि किरकोळ खरचटण्यावर निभावले. हे सारे वयाच्या 68 व्या वर्षी. याच वर्षी 1000 सीसीखालील वर्गात ताशी 183.59 मैलांचा, म्हणजे सुमारे 295 किलोमीटरचा विक्रम त्यांच्या नावे नोंदला गेला. गाडीचे वय तेव्हा 47 वर्षे होते.

पुढे हृदयविकाराने शरीर साथ देईनासे झाले. 1977 साली पक्षाघाताचा झटका आला. आता गाडी चालवणे शक्य नाही हे उमगल्यावर त्यांनी आपल्या गाड्या गावातल्याच व्यापाऱ्याला विकल्या. परगावच्या संग्राहकाकडे त्या जाऊ नयेत, हे बरेच झाले. 6 जानेवारी 1978 रोजी मन्रो वारले. ती इंडियन आजही इन्व्हरकारगिलमधील ‘ई. हेज अँड सन्स’ या हार्डवेअरच्या पेढीत आहे. खिळे, स्क्रू, हत्यारे घ्यायला आलेले गिऱ्हाईक जाता जाता तिच्यापाशी थबकते. 2005 साली अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रो यांची भूमिका केलेला ‘द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन’ हा चित्रपट आल्यावर दूरदेशीचे लोकही त्या दुकानाचा पत्ता विचारीत येऊ लागले. चित्रपटाने बऱ्याच गोष्टी रंगवल्या आहेत; गाडी मात्र खरी आहे.

विक्रमाच्या आकड्याचे एक प्रकरण राहिले होते. बॉनव्हिलला एक धाव जाण्याची आणि एक येण्याची धरून दोहोंची सरासरी काढतात. 1967 साली ही सरासरी काढताना चूक झाली होती, आणि ती लक्षात आली मन्रो यांच्या मुलाच्या. वडील गेल्यानंतर 36 वर्षांनी, 2014 साली, अमेरिकन मोटारसायकल संघटनेने आपली नोंद दुरुस्त केली. जुना आकडा खोडून ताशी 184.087 मैल असा नवा आकडा मांडला गेला. फरक जेमतेम अर्ध्या मैलाचा. मुलाने तो सोडला नाही.