परीक्षक नको म्हणणाऱ्यांना

परवा इथे सिडनीतल्या पेंडल हिलमध्ये चार मराठी कुटुंबे जमली असताना एका उच्चशिक्षित गृहस्थांनी ठणकावून सांगितले, की जर्नलांचा पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांकडून होणारे निबंधाचे परीक्षण, हे थोतांड आहे. दोन-तीन निनावी माणसे महिनोन्‌महिने पेपर अडवून ठेवतात, नव्या विचाराचा गळा घोटतात. त्यापेक्षा निबंध सरळ इंटरनेटवर टाकावा, खरेखोटे वाचक ठरवतील. पुरावा म्हणून त्यांनी आइन्स्टाइनचे नाव घेतले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या डोलणाऱ्या मानांसाठी हा लेख.

आइन्स्टाइनची ती गोष्ट नेहमी अर्धीच सांगतात. 1936 साली आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे निबंध पाठवला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला आणि चुका दाखवणारा दहा पानी अभिप्राय आला. आइन्स्टाइन भडकले. छापण्याआधी निबंध तज्ज्ञांना दाखवायची परवानगी आपण दिलीच नव्हती, असे कळवून त्यांनी तो परत घेतला. इथवर सगळ्यांना पाठ असते. पुढे काय झाले? निबंध फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या जर्नलकडे गेला. मधल्या काळात हॉवर्ड रॉबर्टसन यांनी आइन्स्टाइनचे सहायक इन्फेल्ड यांना चूक नेमकी कुठे आहे ते दाखवून दिले. निष्कर्ष उलटला, आणि 1937 साली छापून आला तो लहरींच्या बाजूचा निबंध! ‘फिजिकल रिव्ह्यू’चा निनावी परीक्षक म्हणजे हेच रॉबर्टसन, हे पुढे कित्येक वर्षांनी जर्नलच्या नोंदवहीतून उघड झाले. 2015 साली त्या लहरी प्रत्यक्ष टिपल्या गेल्या. आता त्यांच्यासाठीची वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथला व्हायची आहे. ज्याच्या नावाने परीक्षकांना झोडपता, त्याला परीक्षकाचीच गरज होती.

आणि परीक्षण ढिले असले की काय होते? गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबी अस्सल गणिती. जनुकांमधले अंतर काढायचे त्यांचे 1944 चे सूत्र आजही वापरात आहे. त्याच कोसंबींनी 1959 साली अविभाज्य संख्यांशी निगडित रीमान हायपॉथिसिस सिद्ध केल्याचा दावा छापला, तोही कृषी-संख्याशास्त्राच्या जर्नलात. तिथे अविभाज्य संख्यांवरची सिद्धता तपासणार कोण? ती टिकली नाही आणि त्यांच्या नावाला बट्टा लागला. एखाद्या कठोर गणितज्ञाने ती आधीच परत पाठवली असती, तर कोसंबींवर उपकार झाले असते.

उशीर लागतो, कबूल. परीक्षकांत हेवेदावे असतात, तेही कबूल. त्यावर उपाय परीक्षक बदलणे हा आहे, परीक्षण बंद करणे हा नव्हे. वाचक ठरवतील म्हणता, पण 2020 साली हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनवरचा ‘लॅन्सेट’चा निबंध तेरा दिवसांत मागे घ्यावा लागला, तो त्या विषयातल्या जाणत्यांनी आकडेवारीवर बोट ठेवले म्हणून.

बाजारू जर्नलांचे पाप तर पीअर रिव्ह्यूच्या माथी मारूच नका. भारतात पीएचडीसाठी निबंध छापून आणण्याची सक्ती चुकीची आहे, हे आम्ही वर्षानुवर्षे ओरडून सांगत होतो. सक्ती आली, पैसे घेऊन छापणाऱ्यांची दुकाने फोफावली आणि 2018 साली विद्यापीठ अनुदान आयोगाला (यूजीसी) आपल्या मान्यताप्राप्त जर्नलांच्या यादीतून 4,305 जर्नले काढावी लागली. ती सक्ती 2022 साली उठली, पण तोवर एका पिढीला चटक लागली होती. त्या दुकानांत परीक्षक नव्हतेच.

मग हवे काय? अभिप्राय आणि लेखकाचे उत्तर निबंधासोबत छापावे. ‘एम्बो जर्नल’ 2009 पासून हे करते आहे, ‘नेचर’नेही 2025 पासून सर्व नव्या संशोधन-निबंधांसाठी ते सुरू केले आहे. परीक्षकाने स्वतःचे नाव द्यायचे की नाही, ते त्याच्यावर सोडावे. आणि विद्यापीठांनी परीक्षणाचे तास प्राध्यापकाच्या कामात धरावेत. रात्री जागून फुकटात केलेल्या कामाकडून रॉबर्टसनच्या दहा पानांची अपेक्षा करता येत नाही.