बिनभोकाची मेथी निर्दोष कशी?



पनवेलच्या बाजारात आपण मेथीची जुडी उलटसुलट करून पाहतो. पानाला भोक दिसले की ठेवून देतो, "अळी निघेल, पाप नको." पण दुसरी जुडी बिनभोकाची राहिली कशी? बहुतेकदा फवारणीने. अळ्या शेतातच मेल्या. आपल्या हातून नाही, एवढेच.

करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, तिन्हींनी कर्मबंध होतो. मग डाग नसलेलीच भाजी मागणे हे करविणेच नव्हे का? मरते ती फक्त अळीही नाही. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले.

सेंद्रिय शेतीतही जीव मरतात. नांगर कोणाला चुकला? पण कमी करता येणारी हिंसा कमी न करणे हा प्रमादच.

गांडूळ बेइंद्रिय, हे पाठशाळेतली मुले घडाघडा म्हणतात. त्यांना तारा गावच्या युसूफ मेहेरअली सेंटरची सेंद्रिय शेती दाखवा. मंदिराच्या आवारात चार वाफे करून द्या. तो बेइंद्रिय जीव माती कशी भुसभुशीत करतो ते त्यांना पाहू द्या.

आणि आपण? सेंद्रिय मेथी भोकांसकट घ्या. जयणेने निवडा. अळी निघाली तर पानासकट कुंडीत सोडा.