निधीचा चाप

मोटारसायकलस्वाराने हेल्मेट घालावे की नाही, हे अमेरिकेत राज्ये ठरवतात. संघराज्य सरकारला तसा थेट हुकूम सोडता येत नाही. म्हणून १९६६च्या महामार्ग सुरक्षा कायद्याने आडमार्ग काढला: हेल्मेटसक्ती न करणाऱ्या राज्याच्या निधीला कात्री. मात्रा लागू पडली. १९७५पर्यंत तीन अपवाद वगळता सगळ्या राज्यांनी सक्ती केली. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, हा बडगा काढून घेतला, आणि १९८०पर्यंत सुमारे निम्म्या राज्यांनी आपले कायदे रद्द तरी केले किंवा पातळ तरी केले. पैशाने कायदा मिळाला होता. तो लोकांना पटवण्याचे काम कोणी केलेच नव्हते.

तरीही हे हत्यार म्यान झाले नाही. राज्यांच्या स्वायत्ततेचा एरवी गजर करणाऱ्या राष्ट्राध्यक्ष रेगन यांनीच १९८४ मध्ये दारूखरेदीचे किमान वय २१ करण्यासाठी ते उपसले. साउथ डकोटात एकोणिसाव्या वर्षी सौम्य बिअर मिळत असे. ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८७ मध्ये हरले. महामार्ग निधीतील ५ टक्क्यांची कपात न्यायालयाला जबरदस्ती वाटली नाही. २०१२ मध्ये मात्र पारडे फिरले. गरिबांसाठीच्या मेडिकेड या आरोग्य योजनेचा विस्तार नाकारणाऱ्या राज्याचा त्या योजनेचा आधीचा सगळा निधीही धोक्यात घालणे म्हणजे डोक्याला बंदूक लावणे, असे सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी ठरवले. या निकालाची किंमत टेक्सास, फ्लोरिडातील गरिबांनी मोजली. तिथे विस्तार झालाच नाही. ती किंमत लहान नाही. तरीही निकाल योग्यच होता. ज्या अटीला नकार देणे राज्याला परवडतच नाही, तिला अट कशाला म्हणायचे?

आपल्याकडे सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, पण राष्ट्रीय आरोग्य अभियानात बहुतेक राज्यांसाठी केंद्राचा वाटा ६० टक्के. पंजाबचा हा निधी केंद्राने अडवला तो लसीकरण घसरले म्हणून नव्हे, तर 'आम आदमी क्लिनिक' या राज्याच्या दवाखान्यांच्या पाट्यांवरून. त्या पाट्यांवर मुख्यमंत्र्यांची छबी मिरवणारे राज्य सरकारही काही सोवळे नव्हते. पण पाटीने कोणाचा ताप उतरत नाही. अमेरिकेतली हेल्मेटची किंवा दारूच्या वयाची अट निदान अपघाती मृत्यूंशी निगडित होती. केंद्राने अटी जरूर घालाव्यात: लसीकरणाच्या, औषधसाठ्याच्या, रिक्त पदे भरण्याच्या. त्या वर्षाच्या आरंभीच जाहीर कराव्यात, कपातीची मर्यादा कायद्याने बांधून घ्यावी, आणि नाव, रंग, छायाचित्र यांसाठी एक रुपयाही अडवू नये.